सव्वीसचं बोट

...नाही नाही, अहो ऐका तरी, ती पिशवी आधी उघडा. प्लास्टिकमधून मला काय दिसणार आहे, कप्पाळ? डोळे चांगले आहेत माझे, अजून चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवते, पण प्लास्टिकमधून चांदी काय नि पत्रा काय, सगळं सारखंच. सही? सही नंतर. सही कुठे पळून जातेय? आणि हळू बोला हो जरा साहेब, आत आमचे हे पडलेत — झोपलेले नाहीत, नुसते पडलेत, कान दाराला लावून. दिसत नाही फारसं, त्यामुळे कानच कामाला. पोलीस आलेत असं कळलं तर उठून बसतील, मग त्यांना आवरायचं का तुम्हाला उत्तरं द्यायची? तेव्हा तुम्ही आपले गिऱ्हाईक. टोपी काढून ठेवा तिकडे. हां, आता बरं. बसा त्या स्टुलावर, पण डावीकडे झुकू नका, त्याचा एक पाय आखूड आहे — गेल्या आठवड्यात एक नवरदेव पडलाय तिथून, होणाऱ्या बायकोसमोर. हसू आलं ना तुम्हाला? हसा की. काही झालेलं नाहीये. उगाच चेहरा पाडून आलात. माणसानं असं तोंड करून कुणाच्या दारात उभं राहू नये हो.

द्या इकडे. बघू.

हे बघा — झालं! हातात घेतल्याघेतल्या कळलं. ही त्याची नाही. आमच्या भोपळ्याची नाही ही. शपथ घेऊन सांगते. अहो भोपळ्या म्हणजे आमचा मुलगा, दुसरं नाव लिहिलंय तुमच्या कागदात, पण घरात भोपळ्याच. जन्मला तेव्हाच नर्स म्हणाली, मावशी, पोराला धरायचं कुठे, सगळीकडे गुबगुबीत. आणि बोटं? बोटं म्हणजे पिकलेली केळी. मी त्याच्या अंगठीचं माप घेतलं ना, तर हा मापाच्या कड्यांचा जुडगा आहे बघा, गिऱ्हाईकाच्या बोटात एकेक घालून बघायचा — ह्यातली शेवटून दुसरी कडी. सव्वीस. सव्वीसचं बोट! हे म्हणाले, अगं ही अंगठी करतेयस का गाडीच्या चाकाची धाव? चांदी किती लागली माहितीय? आणि ही? थांबा, ही दांडी. एका टोकाला निमुळती, दुसऱ्याला जाड, अंगावर आकडे. अंगठी वरून सोडायची, अडकेल तिथला आकडा. सोडली. बघा तुम्हीच, मी हात नाही लावत, नाहीतर म्हणाल म्हातारीनं दाबली. वाचा. एकोणीस. कुठे एकोणीस, कुठे सव्वीस! मी तो हरवल्याची तक्रार लिहून दिली तेव्हा सांगितलं होतं तुमच्या त्या मोठ्या साहेबांना, लिहा — डाव्या हातात चांदीची साधी पट्टीची अंगठी, माप सव्वीस. ते हसले मला. म्हणाले, मावशी, अंगठीच्या मापावरून का कुठे माणूस सापडतो? आता बघा, मापच कामाला आलं की नाही. सापडत नसेल, पण हा तो नव्हे एवढं तरी सांगतं ना माप?

म्हणून म्हणते, लिहा तुम्ही — ओळख पटली नाही. आणि जा. चहा टाकला असता, पण दूध संपलंय.

नाही. फोटो नको. ठेवा तो फोन खिशात. मला नाही बघायचा. अहो चेहऱ्याचं काय घेऊन बसलात? चेहरा कुणाचाही कुणासारखा दिसतो, आणि गेलेल्या माणसाचा तर सगळ्यांसारखाच दिसतो. आमच्या सासऱ्यांना शेवटी मीच ओळखलं नव्हतं, एवढी वर्षं त्यांच्या हाताखाली काम केलेलं. चेहऱ्यावर जाऊ नका. बोट बघावं माणसाचं. बोट खोटं बोलत नाही. एक गिऱ्हाईक होतं माझं, बायकोला चकित करायचं म्हणून ती झोपली असताना बोटाला दोरा गुंडाळून माप घेऊन आला. मी म्हटलं, बाबा, दोरा ताणतो, झोपेत बोट सुजतं, सकाळी सुजतं, उन्हात सुजतं, थंडीत आक्रसतं, तुझ्या बायकोला आण. नाही म्हणाला. केली अंगठी. आठ दिवसांत दोघं दारात, तिच्या बोटातून अंगठी गरगर फिरतेय नि ती विचारतेय, कुणाच्या बोटाचं माप दिलं होतंस रे? आता बोला! माप चुकलं तर संसार मोडायची वेळ येते. तसं तुम्हीही दोऱ्याचं माप घेऊन आलायत माझ्या दारात. चांदीची साधी पट्टी दिसली की आणलीत. अशा पट्ट्या शेकड्यानं असतील. अर्ध्या गावाच्या बोटात असेल असली पट्टी.

काय? पत्ता कुणी सांगितला? स्टँडवर बाकावर सापडला त्या माणसानं? शुद्धीवर होता तो? — नाही, मग कुणी सांगितलं? बसस्टँडवरच्या चहावाल्यानं. त्याला तो माणूस म्हणाला होता, माझी आई अंगठ्या करते. बरं मग? जगात मी एकटीच का अंगठ्या करते? अहो पुष्कळ जणी करतात. चार गल्ल्या सोडून एक आहे, तिला दोन मुलगे आहेत. तिच्याकडे गेलात का? जा की तिच्याकडे. — नाही, म्हणजे जाऊ नका. तिच्याकडेही जाऊ नका. कुणाकडेच असं जाऊ नका हो.

मी सांगते तुम्हाला, त्याला ओळखायचं कसं. आमचा भोपळ्या असता ना, तर बाकावर एकटा बसला नसता. चार माणसं गोळा केली असती, चहावाल्याला हसवला असता, फुकट चहा प्यायला असता. खाणं म्हणजे जीव. त्याच्या ताटात आणि माझ्या ताटात फरक काय, तर माझं ताट दिसायचं. आणि हा तुमचा माणूस — काय म्हणालात मघाशी, अंगावर मांस नव्हतं? हाडांचा सापळा? मग? मग कसा असेल तो? दोन वर्षांत का भोपळ्याचा पडवळ होतो? आमच्या घराण्यात कुणी बारीक नाही, मीच एक काय ती, आणि मी बाहेरून आलेली. थंडीपासून फोन नाही हे खरं. पण तो तसाच. त्याचा नंबर बदलतो, फोन पाण्यात पडतो, एकदा तर तव्यावर ठेवला होता. शेवटचा फोन आला तेव्हा विचारलं मी, जेवतोस का रे? म्हणाला, जेवतो गं, दुपारी जास्तच होतं. खोकत होता जरा. म्हटलं खोकला कसला? तर म्हणे धुळीचा. जास्त जेवणारा माणूस सापळा होईल कसा, सांगा ना तुम्हीच.

हे काम नको होतं त्याला. लहानपणापासून ऐरणीपाशी वाढला, पण सारखं एकच — आई, दिवसभर वाकून एका भोकासाठी एवढा खटाटोप? भोक म्हणायचा! अंगठीला भोक. हे चिडायचे. पण हात होता हो त्याच्या बोटांत. एवढी जाडजूड बोटं, पण झाळायला, जाळावर टोकं जोडायला बसला की केसासारखा जोड. मला नाही जमायचा तसा. नको म्हणायचा आणि करायचा सुंदर, त्याला काय म्हणणार? शेवटी गेला. मोठ्या गावात मोठं काम बघतो म्हणाला. गाडीच्या वेळेला मी त्याचा हात धरून अंगठी फिरवून बघितली — बसली होती बरोबर. बरोबर म्हणजे कशी, सांगते, चढताना सांध्यावर जराशी कुरकुर करायला हवी, आणि एकदा बसली की बसली, ना आवळणार, ना फिरणार. गुबगुबीत बोटाचं वेगळं असतं, तिथे सांधा लहान नि मूळ जाड, हडकुळ्याचं उलटं — सांधा मोठा नि मूळ काडीसारखं, त्याची अंगठी सांध्यावरून जाण्याइतकी करावी तर खाली लोंबकळते. म्हणून मी त्याला बजावलं. म्हटलं, बाहेरचं खाणं, थोडा उतरशील, अंगठी सैल झाली तर इकडे ये. दुसऱ्याच्या हातात देऊ नकोस. आपल्या घरची अंगठी दुसऱ्यानं कापलेली मला खपणार नाही. तर म्हणाला, सैल? माझी? आणि पोट हलवून हसला. सगळा फलाट बघत होता.

...

लहान करून घेतली असेल? हं. मला वाटलंच तुम्ही हे म्हणणार. हुशार आहात. पोलिसात आहात तेव्हा असणारच. पण मी काय झोपले होते का एवढी वर्षं? लहान केली असती तर दिसलं असतं. चला, तेवढीही शंका राहायला नको तुमच्या मनात. अंगठी म्हणजे काय — पट्टी वाकवायची, दोन टोकं जुळवायची, झाळायची. म्हणजे प्रत्येक अंगठीला एक जोड असतोच. कानशीनं घासला, उजाळा दिला की डोळ्याला दिसत नाही. पण तोंडाजवळ धरून अशी वाफ सोडली ना, की चांदीवर बाष्प बसतं आणि जोडावर वेगळं बसतं, तेवढ्यापुरती बारीक रेघ उमटते. आमच्या सासऱ्यांनी शिकवलेलं. आता अंगठी लहान करायची तर मधला तुकडा कापून काढायचा आणि परत झाळायची. जगातला कुठलाही कारागीर कुठे कापेल? जुन्या जोडावरच. सोपं पडतं, जुना जोड तुकड्याबरोबर निघून जातो, पुन्हा आपला एकच जोड. फक्त आमच्या घरात तसं करत नाहीत. सासऱ्यांचा नियम — जोडावर जोड नाही. एकदा झाळलेल्या जागेला पुन्हा जाळ लावायचा नाही, कच्ची राहते. दुसरीकडे कापायचं, समोरच्या अंगाला, जुना जोड आहे तसा ठेवायचा. दुप्पट काम. लोक हसतात आम्हाला. भोपळ्याही हसायचा — म्हणे आजोबांचा कायदा. तेव्हा ह्या अंगठीला एक रेघ दिसेल. एक दिसली म्हणजे कुणीतरी कुठेतरी केलेली, कुणाची तरी अंगठी, आमचा काही संबंध नाही. दोन रेघा असत्या तर गोष्ट वेगळी, पण दोन असणार नाहीत. कारण आमच्या घराबाहेर तसं कुणी करतच नाही. हां? पटलं ना? बघा आता. जवळ या. अंधार नका पाडू, उजेडाकडून या.

हा...

...

थांबा.

नाही, वाफ नीट बसली नाही. तोंड कोरडं पडलंय. पाणी... तो तांब्या द्या जरा. नको, राहू दे.

हा...

...

एकच आहे. हो. एकच. तुम्हाला दिसली ना, ती एकच. पलीकडची? पलीकडे काही नाही हो, तो ओरखडा. वाफ उडाली आता, वाफ काय टिकते थोडीच. पुसलं मी. परत कशाला? एकदा बघितलं ना. एकच रेघ. केसासारखी... केसासारखी बारीक, म्हणजे कुठल्याही चांगल्या कारागिराची असते तशी. लिहून घ्या, एक जोड.

असे बघू नका माझ्याकडे.

साहेब, एक विचारू? असंच विचारते, धंद्याचं म्हणून. ही तुम्ही काढली का त्याच्या बोटातून? तुम्ही स्वतः? मग — सैल होती का? नाही ना? सहज निघाली नाही ना? साबण लावावा लागला? ... सांध्यावर अडली, आणि मग निघाली. आणि खाली? मुळाशी फिरत नव्हती? नाही. हं. मग माप बरोबर घेतलेलं. हडकुळ्या बोटाचं माप घेणं सोपं नाही हो, भल्याभल्यांना जमत नाही, दोन-दोनदा कापावी लागते. ह्याची एकदाच कापलीय. म्हणजे बसायला जागा होती त्याला. ऐरण होती कुणाची तरी, कानस होती, कुणीतरी म्हटलं असेल, बस बाबा इथे. नको नको म्हणायचा आणि शेवटी बसलाच होता की — त्या माणसाचं म्हणतेय मी. तो जो कोण असेल तो. कारागीर असावा बिचारा. विकली नाही बघा. एवढी चांदी, चार दिवस जेवला असता, पण विकली नाही, कापून पुन्हा घातली. दुसऱ्याच्या हातात दिली नाही. मी म्हटलं होतं इकडे ये. इकडे ये म्हटलं होतं ना मी? अर्धंच ऐकायचं. जन्मभर अर्धंच ऐकलं मेल्यानं! अरे सैल झाली तर यायचं नाही का, मी काय विचारणार होते तुला, का बारीक झालास म्हणून ओरडणार होते? ओरडले असते. ओरडले असते नि खायला घातलं असतं—

नाही. मी काही म्हटलं नाही. तुम्ही काही ऐकलं नाही. आणि आई म्हणू नका मला. मावशी म्हणा. सगळे मावशीच म्हणतात. खांद्यावरचा हात काढा.

तुम्हाला अजून वाटतंय ना ही त्याची आहे? हे बघा, आता शेवटचं दाखवते, मग तुमचंही समाधान होईल. ही मी माझ्या बोटात घालते. बघा. माझ्या, म्हाताऱ्या बाईच्या बोटात. गेली... जरा अडतेय... गेली. बसली की नाही? मग? माझ्या बोटात बसते ती भोपळ्याची कशी असेल? तुम्हीच सांगा. शाळेतल्या पोरालाही कळेल. ही बाईमाणसाची अंगठी आहे. कुणा म्हातारीची असेल. एखाद्या आईनं दिली असेल पोराला. लिहा तसं. तुमच्या त्या कागदावर लिहा, आईची अंगठी. नाही — आईची नको. नुसतं लिहा, ओळख पटली नाही.

हो, देते की. पिशवी धरा. देते ना, मी काय ठेवून घेणार आहे? मला काय करायचीय परक्याची अंगठी. एक मिनिट... अडकली. चढताना चढली, आता सांध्यावर येत नाही. बघा ना, ओढतेय मी. ओढू नका! तुम्ही नका ओढू, सांधा सुजतो त्यानं. गिऱ्हाईकांना बजावते मी, दुसऱ्याची अंगठी कधी घालून बघू नये, आणि आज माझीच फजिती. साबण? साबणानं नाही निघायची. मला विचारा, माझा जन्म गेलाय ह्यात. कापायची? ही? कुठे कापणार? कुठे कापणार तुम्ही, सांगा मला. दोन्हीकडे...

कुठेच कापायची नाही. उद्या या. सकाळी गारव्याला बोट आक्रसतं, मग निघेल आपोआप. उद्या निघाली नाही तर परवा या. तुमचा साहेब काय म्हणायचं ते म्हणू दे, सांगा त्याला, म्हातारीच्या बोटात अडकलीय. उचला ती टोपी. आणि त्या माणसाला... एकट्याला कुठल्या गार खोलीत ठेवलं असेल तर अंगावर काहीतरी घाला हो. खोकला आहे त्याला. जा आता. दार ओढून घ्या. जा म्हणते ना!

...

काय हो? काही नाही, बडबडत नव्हते मी. गिऱ्हाईक होतं. गेलं ते. — अंगठीचं होतं, दुसरं काय असणार. आपल्याच घरची, लहान केलेली. — नाही, तुम्ही उठू नका. पडा तुम्ही. — माप ना? बरोबर आहे. अगदी बरोबर बसलीय.